पाठीराख्याचे हात : तालीम, जिम आणि वजनाखालचा माणूस

तालमीच्या मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. मातीच्या आखाड्याला हौदा, शिकवणाऱ्याला वस्ताद, खाण्याला खुराक, घामाला मेहनत. जोर मारतात, बैठका काढतात, जोडी फिरवतात, नाल उचलतात. डावांची नावे मोजायला बसले तर कागद पुरत नाही. मात्र या भरगच्च शब्दसंग्रहात एका माणसाला नाव नाही. दुसरा वजन उचलत असताना जो त्याच्या डोक्याशी किंवा पाठीमागे उभा राहतो, ज्याचे हात वजनाजवळ असतात पण वजनाला लागलेले नसतात, आणि उचलणाऱ्याचे बळ संपले की त्याच क्षणी जो वजन धरतो, तो हा माणूस. इंग्रजी त्याला स्पॉटर म्हणते. लोणी काळभोरच्या जिममध्ये मुले नुसते ‘सपोर्ट दे रे’ म्हणतात. म्हणजे कामाला शब्द मिळाला, तोही उसना. माणूस बिननावाचाच राहिला.

एखाद्या गोष्टीला भाषेत नाव नसते, तेव्हा बहुधा तिची गरज पडलेली नसते. आपल्याकडे वजन उचलण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे, मग हा माणूस आपल्याला का लागला नाही? आणि आज तो लागतो, तर मधल्या काळात नेमके काय बदलले? या दोन प्रश्नांचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी मी लोणी काळभोर हे ठिकाण धरून चाललो आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, हवेली तालुक्यातले हे गाव. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की इथे मुक्कामाला येते. रेल्वे स्टेशनच्या बाजूला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. राज कपूर यांच्या राजबाग या शेतावर आता विद्यापीठाचे आवार आहे. २०२१ मध्ये इथले पोलीस ठाणे पुणे शहर आयुक्तालयाला जोडले गेले. अर्धे गाव आणि अर्धे शहर अशा या जागी वजन पेलण्याच्या दोन रीती एकाच वेळी पाहायला मिळतात. आसपासच्या गावांच्या यात्रांत कुस्त्यांचा फड अजून भरतो, आणि रस्त्याकडेच्या दुकानांच्या माथ्यावर आरसे लावलेल्या जिमही उघडल्या आहेत. एकीकडे लाल माती, दुसरीकडे काळी रबरी चटई. त्या मातीकडून सुरुवात करू.

तालमीतले वजन

वजनाचा व्यायाम आपल्याकडे पाश्चात्त्यांनी आणला, हा समज चुकीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठीच्या अंशामुळे परिचित असतो. मल्लांनी करायच्या श्रमांत तिथे भारश्रम येतो आणि खांबावरचा स्तंभश्रमही येतो. पैलवानाने ओझ्याशी झगडावे, हा विचार आपल्याकडे निदान नऊशे वर्षांचा आहे.

पुढच्या काळात तालमीत जी साधने स्थिरावली, त्यांच्याकडे आपण सहसा ताकदीच्या दृष्टीने पाहतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर एक वेगळीच शिस्त दिसते. नाल म्हणजे मध्ये मूठ असलेले दगडाचे कडे. ते पायांशी असते आणि हात सुटला तर पायांशीच पडते. पाय बाजूला घेतला की झाले. जोडी आणि करेल खांद्यावरून पाठीमागे फिरतात. त्यांचा झोक चुकला तर ती मागे किंवा बाजूला जातात. गदेचेही तेच. या सगळ्यांत उचलणारा उभा असतो आणि वजन त्याच्या बाजूला किंवा मागे असते. बळ संपले तर ते टाकून देता येते. टाकलेल्या वजनाला खाली माती असते, आणि ती माती रोज उकरून भुसभुशीत केलेली असते.

जेजुरीचा खंडा हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाच्या गडावर सुमारे ४२ किलोची ही तलवार एका हाताने तोलून धरण्याची आणि दाताने उचलण्याची स्पर्धा होते. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. तरीही हात थकला की तलवारीचा भार शरीरापासून दूर, खालीच जातो. धोका आहे, पण माणूस त्या वजनाखाली अडकलेला नाही.

तालमीत शरीरावर वजन घेण्याचीही रीत होती. जोर मारणाऱ्याच्या पाठीवर पोर बसवायचे, बैठका काढणाऱ्याच्या खांद्यावर जोडीदार चढवायचा. हे वजन मात्र जिवंत असते. खालच्याचे गुडघे थरथरू लागले की वरचा आपणहून उडी मारतो. केव्हा उतरायचे हे कळणारे वजन लोखंडाच्या दुकानात मिळत नाही.

कुस्तीतही सांभाळणारा तिसरा माणूस आत नसतो. वस्ताद हौद्याच्या काठावर असतो आणि मान मुडपते आहे असे दिसले की ओरडून थांबवतो. खरा सांभाळ समोरचाच करतो. सरावात ढाक किंवा धोबीपछाड मारणारा जाणता पैलवान जोडीदाराला हवेत सोडून देत नाही. त्याला धरूनच खाली आणतो. ज्याच्याशी झुंजायचे त्यालाच जपायचे, हा तालमीचा अलिखित नियम आहे. साधन दूर पडणारे, माती मऊ आणि जोडीदार जबाबदार, अशा तीन गोष्टी असल्यावर चौथ्या माणसाची नेमणूक करण्याचे कारण उरत नव्हते.

याला एक ठळक अपवाद आहे, तो मल्लखांबाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून ती काशी, बडोदे आणि महाराष्ट्रभर पसरली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिची प्रात्यक्षिके करून दाखवली. मल्लखांबात वजन म्हणजे स्वतःचेच शरीर, आणि पडण्याची दिशा आपल्या हातात नसते. त्यामुळे नव्या मुलाला उलटी उडी शिकवताना शिक्षक खांबाला लागून उभा राहतो. एक हात पाठीच्या जवळ, एक मानेच्या जवळ. मूल स्वतः फिरले तर हाताचा स्पर्शही होत नाही. चुकले तर ते हातातच येते. आपल्या परंपरेत मला सापडलेला स्पॉटरचा सर्वांत जवळचा नातेवाईक हाच. पण त्याचे काम शिक्षकपणातच विरघळून गेले. त्याला वेगळे नाव मिळाले नाही.

जमिनीवरून बाकावर

युरोप-अमेरिकेतही सुरुवातीला चित्र फारसे वेगळे नव्हते. तिथले बलदंड पुरुष वजन जमिनीवरून स्वतःच उचलत आणि स्वतःच खाली ठेवत. हेन्री ‘मायलो’ स्टाइनबॉर्न हा जर्मन मल्ल १९२१ मध्ये अमेरिकेत गेला. तो पाचशे पौंडांहून जड रॉड एका टोकावर उभा करी, त्याच्याखाली खांदे घालून तो पाठीवर आडवा घेई, बैठक काढी आणि पुन्हा त्याच वाटेने जमिनीवर उतरवी. ना स्टँड, ना मदतनीस. जितके स्वतः खांद्यावर घेता येईल तितकेच पेलायचे, ही मर्यादा त्या पद्धतीतच होती, आणि तीच त्याचे रक्षणही करत होती.

झोपून छातीवरून वजन ढकलण्याचा इतिहास अधिक बोलका आहे. जॉर्ज हॅकनश्मिट या प्रसिद्ध मल्लाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीवर पाठीवर झोपून ३६१ पौंडांचा, म्हणजे सुमारे १६४ किलोंचा रॉड ढकलला. इथे एक साधा हिशेब करून पाहावा. आजच्या प्रमाणित मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. अशा प्लेट जमिनीला टेकल्या की रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंच राहतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा गळा त्याच्या बराच खाली असतो. हात सुटले तरी प्लेट आधी जमिनीला लागतात आणि रॉड गळ्याच्या वरच अडतो. जमीन स्वतःच पाठीराखी होती.

मग माणूस बाकावर झोपू लागला. कोपरे जमिनीला अडत नाहीत, छाती पुरती ताणली जाते, वजन जास्त निघते. व्यायाम म्हणून बाक निःसंशय सरस. पण पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या बाकाची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर ठरवलेली आहे. म्हणजे माणूस तेवढा वर उचलला गेला आणि रॉडला अडवणारी जमीन तेवढीच खाली राहिली. आता हात सुटले तर रॉड छातीवर, गळ्यावर किंवा चेहऱ्यावरच थांबणार. शेकडो वर्षे वजन माणसाच्या बाजूला पडत होते. बाकाने माणसाला वजनाच्या खाली आणले. स्पॉटरचा जन्म या बदलात आहे.

त्याच काळात स्टँडही आले. जो भार माणूस जमिनीवरून खांद्यावर घेऊच शकला नसता, तो स्टँडवरून सहज पाठीवर येऊ लागला. आकडे झपाट्याने वाढले. कॅनडाच्या डग हेपबर्नने १९५० च्या दशकात बाकावर पाचशे पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा टप्पा गाठला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर वेटलिफ्टिंगमधून उभ्याने वजन ढकलण्याचा ‘प्रेस’ हा प्रकार वगळला गेला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. इथून दोन खेळांचे सुरक्षाविचार वेगळे होतात. वेटलिफ्टिंगमध्ये रबरी प्लेट असतात. वजन झेपले नाही तर खेळाडू ते टाकतो आणि स्वतः बाजूला होतो. तिथे जवळ कोणी उभे राहणेच घातक. पॉवरलिफ्टिंगच्या बैठकीत आणि बाकावर मात्र वजन टाकायला जागा नाही. म्हणून तिथल्या नियमांनी मंचावर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच मदतनीस सांगितले आहेत. पहिल्या खेळाने तालमीचा मार्ग धरला, दुसऱ्याने माणसावर भरवसा ठेवला.

आपल्याकडे हे लोखंड टप्प्याटप्प्याने आले. यूजीन सँडो १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा डंबेल्सचे आकर्षण शहरांत वाढले. मुंबईत तळवलकरांच्या व्यायामशाळेचा इतिहास १९३२ पासून सांगितला जातो. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने देशी आणि विदेशी प्रकारांना मराठीत एकत्र आणले. आज लोणीतला मुलगा ‘बेंच मारली’ म्हणतो, तेव्हा त्याचे क्रियापद तालमीचेच असते. जोरही मारलेच जात. साधन बदलले, क्रियापद टिकले. पण साधनाबरोबर जी खबरदारी यायला हवी होती, ती मात्र मागे राहिली.

हात लावणे, खांदा देणे

व्यायामाच्या मराठीत स्पॉटर नसला, तरी कष्टाच्या मराठीत त्याच्या खुणा भरपूर आहेत. तालमीत वजन हौसेने उचलले जाई. शेतात, बाजारात आणि रस्त्यावर ते पोटासाठी उचलावे लागे. गवताचा भारा बांधून बांधावर उभी असलेली बाई वाटेने जाणाऱ्याला म्हणते, ‘जरा हात लावा.’ अनोळखी माणूसही थांबतो, भाऱ्याला हात लावतो, तो तिच्या डोक्यावर देतो आणि आपल्या वाटेने जातो. त्यात आभाराची भाषा फारशी नसते. ओझे डोक्यावर आल्यावर ती एकटी मैलभर चालेल, पण जमिनीपासून डोक्यापर्यंतचा प्रवास एकटीने होत नाही. बाकावर झोपलेल्याला रॉड स्टँडवरून काढून देणे म्हणजे हेच ‘हात लावणे’.

हमालांच्या कामात हे अधिक कसबी होते. पोते पाठीवर देणारे दोघे आणि घेणारा एक, यांची लय जमावी लागते. देणाऱ्यांपैकी एकाने आधी सोडले तर पोते तिरके येते आणि घेणाऱ्याच्या कण्याला पीळ बसतो. ही इजा हमाल आयुष्यभर वागवतो. पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली. शंभर किलोंचे पोते पन्नासवर आणा, हा हमालांच्या चळवळीचा दीर्घकाळचा आग्रह होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्या माथ्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही, हे तत्त्व कायद्यात आले. जिममध्ये वीस वर्षांचा मुलगा हौसेने शंभर किलो पाठीवर घेतो तेव्हा त्याला क्वचितच ठाऊक असते, की तेवढेच ओझे पाठीवरून उतरवण्यासाठी या शहरात माणसांना वर्षानुवर्षे भांडावे लागले होते.

पालखीने आणखी दोन शब्द दिले. खांदा देणे आणि खांदेपालट. पहिला आपण अंत्ययात्रेतही वापरतो. दुसरा वृत्तपत्रांनी मंत्रिमंडळाच्या बदलांसाठी इतका वापरला, की त्यामागचा घामट खांदा विसरला गेला. पालखी वाहणारा थकण्याआधीच दुसरा जवळ येतो, दांडीखाली खांदा घालतो, भार त्याच्यावर आला याची खात्री झाली की पहिला बाहेर पडतो. मधल्या क्षणी दोघेही भाराखाली असतात. भार कधीच निराधार होत नाही.

हे शब्द आणि स्पॉटरचे काम यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. हात लावणारा, खांदा देणारा, पोते देणारा असे सगळे जण भार वाटून घेतात. स्पॉटर भार वाटून घेत नाही. तो रिकाम्या हातांनी थांबतो. सेट नीट झाला तर त्याने काहीच केलेले नसते. काहीही न करता पूर्ण सावध राहणे, हे आपल्या कष्टाच्या संस्कृतीला तसे अपरिचित काम आहे. जवळ उभा असलेला माणूस रिकामा दिसला की आपल्याला तो कामचुकार वाटतो. या सवयीतून जिममधल्या दोन टोकाच्या चुका निघतात, असे मला वाटते.

लवकर हात, उशिरा हात

पहिली चूक म्हणजे लवकर हात लावणे. लोणीपासून हडपसरपर्यंतच्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी हे दृश्य दिसते. झोपलेला रॉड ढकलतो आहे, डोक्याशी उभा असलेला पहिल्याच वेळेपासून रॉडला धरून ओढतो आहे, आणि तोंडाने ‘तूच मारतोयस, अजून दोन!’ असे ओरडतो आहे. सेट संपल्यावर झोपलेल्याला वाटते आपली शंभरची बेंच झाली. खरे तर त्याची सत्तरची झालेली असते आणि मित्राच्या पाठीची तीसची. ही लबाडी निरागस असते, पण ती महागात पडते. कारण पुढच्या आठवड्यात तो मित्र नसताना मुलगा तेच शंभर किलो एकटा लावतो.

पॉवरलिफ्टिंगच्या नियमांनी ही सीमा काटेकोर आखली आहे. पंचांच्या खुणांच्या मध्ये मदतनिसाने रॉडला किंवा खेळाडूला हात लावून वजन सोपे केले, तर तो प्रयत्न बाद. उलट, मदतनिसाच्या चुकीमुळे प्रयत्न फसला, तर खेळाडूला आणखी एक संधी देण्याची मुभा पंचांना आहे. म्हणजे मदतनिसाची चूक खेळाडूच्या खात्यावर टाकायची नाही, आणि मदतनिसाचे बळही त्याच्या खात्यात जमा करायचे नाही. दोन माणसांच्या नात्याचा इतका स्वच्छ हिशेब मला दुसऱ्या कुठल्या नियमपुस्तकात दिसलेला नाही.

दुसरी चूक उशिराची, आणि तिला दुरुस्ती नसते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्टॅफन जॉन्सन या फुटबॉलपटूच्या हातातून बेंच प्रेस करताना २७५ पौंडांचा, सुमारे १२५ किलोंचा रॉड निसटून गळ्यावर पडला. दीर्घ शस्त्रक्रियेनंतर तो वाचला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बिकानेरला १७ वर्षांची राष्ट्रीय पदकविजेती पॉवरलिफ्टर २७० किलोंची बैठक काढण्याच्या सरावात होती. रॉड मानेवर आला आणि तिचा मृत्यू झाला. प्रशिक्षक मागे उभे होते. त्या धक्क्याने तेही फेकले गेले. माणूस जवळ असणे आणि भार थांबवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ही घटना सांगते. ज्या वजनाची एका माणसाला सवय नाही ते पडताना एका माणसाला अडवता येत नाही. तिथे दोन्ही टोकांना एकेक माणूस आणि खाली लोखंडी आडव्या दांड्यांचा रॅक लागतो. रॅक ही बाकाने आणि स्टँडने हिरावून घेतलेली जमीनच आहे, पुन्हा वर आणून बसवलेली.

शास्त्र म्हणून या कामाचे नियम आता ठरलेले आहेत आणि ते अवघडही नाहीत. रॉड चेहऱ्यावरून, डोक्यावरून किंवा पाठीवरून जाणार असेल तर मदतनीस हवाच. जमिनीवरून उचलायच्या डेडलिफ्टला तो नको, आणि झटक्याने डोक्यावर न्यायच्या वजनांना तर मुळीच नको. तिथे दूर उभे राहणे हीच मदत. बाकावर मदतनिसाने डोक्याशी उभे राहावे, पाय फाकवून, पाठ ताठ ठेवून. रॉड धरायचा तो उचलणाऱ्याच्या दोन हातांच्या आत. एक तळवा वर, एक खाली, म्हणजे रॉड हातात गोल फिरत नाही. रॉड खाली जाताना हात त्याच्याबरोबर जावेत, न टेकता. उचलणाऱ्याचा अंगठा रॉडभोवती आहे ना, हे आधी पाहावे. अंगठा बाहेर ठेवण्याची फॅशन गळ्यावर येऊ शकते. डंबेल्स असतील तर आधार मनगटाशी द्यावा, कोपराशी नाही. कोपर धरले तर हात दुमडून डंबेल तोंडावर येतो. बैठकीत एकटा मदतनीस मागे, अगदी जवळ, हात छातीच्या बाजूने पुढे जाण्याच्या तयारीत. दोघे असतील तर दोन्ही टोके एकाच क्षणी धरावीत. पोते देणाऱ्या हमालांना हे कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र हातांचा नसून तोंडाचा आहे. सेट सुरू होण्याआधी दोघांनी बोलून घ्यायचे : किती वेळा मारणार, रॉड काढून द्यायचा का, आणि केव्हा धरायचे. पालखीचे भोई हुंकाराने हेच बोलत असत.

नुसते उभे राहण्याचे बळ

या बिनकामाच्या वाटणाऱ्या माणसाचा आणखी एक गुण अलीकडे मोजला गेला आहे. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी वजनाची सवय असलेल्या १२ पुरुषांना बाकावर ठेवून एक प्रयोग केला. प्रत्येकाने आपल्या कमाल क्षमतेच्या ६० टक्के वजनाचे तीन सेट दमेपर्यंत मारायचे. एकदा मदतनीस डोळ्यांसमोर उभे होते, एकदा ते पडद्याआड लपलेले होते. उचलणाऱ्यांना वाटले कोणीच नाही. मदतनीस दिसत असताना त्यांच्या एकूण आवर्तनांत सरासरी साडेचारांची भर पडली, आणि वजन जड वाटण्याची भावनाही कमी झाली. कोणी रॉडला हात लावलेला नव्हता. दोन्ही वेळा सुरक्षितता खरे तर सारखीच होती. फरक पडला तो फक्त कोणीतरी आहे हे ठाऊक असण्याने.

तालमीच्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. वस्ताद काठावर बसलेला असला की पोरांचे जोर वाढतात, हे त्यांनी पाहिलेले असते. पण वस्तादाच्या असण्यात धाक असतो. बाकाशी उभ्या असलेल्या मित्राच्या असण्यात धाक नसतो. तो बरोबरीचा असतो, पुढच्या सेटला तोच बाकावर झोपणार असतो. आत्ता ज्याचा गळा माझ्या हातांखाली आहे, दोन मिनिटांनी माझा गळा त्याच्या हातांखाली असेल. ही अदलाबदल आधुनिक जिमची आहे, आणि सरावात जोडीदाराला धरून खाली आणणाऱ्या पैलवानाशी तिचे नाते सरळ आहे.

म्हणून नावाच्या प्रश्नाकडे परत येतो. मराठीत ‘पाठीराखा’ हा जुना शब्द आहे. भक्तांनी तो देवासाठी वापरला. जो पुढे येऊन काही करताना दिसत नाही, पण मागे आहे अशी खात्री असते, तो पाठीराखा. राजकारणाने पुढे त्याचा अर्थ समर्थक असा पातळ केला. वजनाच्या व्यायामाने तो परत घ्यावा, असे मी सुचवेन. त्यात ‘राखणे’ आहे, म्हणजे जपणे. आणि ‘पाठ’ आहे, म्हणजे जिथे आपले डोळे पोहोचत नाहीत ती जागा. सपोर्ट देणारा वजन ओढतो. पाठीराखा माणूस राखतो. शब्द बदलला तर हातही थोडे बदलतील, अशी माझी अपेक्षा आहे.

लोणीच्या जिममध्ये पहाटे सहाला गर्दी नसते. कामावर जाण्याआधी येणारी मुले कानात गाणी लावून आपापल्या कोपऱ्यात व्यायाम करतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आजोबांनी तालमीत वजन उचलले असेल आणि ते पडले तेव्हा मातीत पडले असेल. नातवाच्या गळ्याखाली माती नाही. पलीकडच्या कोपऱ्यातल्या अनोळखी मुलाला हाक मारून ‘एक सेट बघतोस का?’ असे विचारायला पाच सेकंद लागतात. बांधावरच्या बाईला तेवढाही संकोच कधी वाटला नव्हता.